चुंबकाकडे झेपावणारं काळं तेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मी एक काचेची बशी घेऊन बसतो. बशीत चमचाभर काळं, तेलकट काहीतरी असतं. बघणाऱ्याला वाटतं, गाडीतून काढलेलं जुनं ऑइल असेल. मग मी बशीखालून चुंबक सरकवतो आणि त्या सपाट थारोळ्यावर एकदम फणसाची साल उगवते. चुंबक काढला की पुन्हा सपाट. मुलं हे दहा वेळा करायला लावतात आणि अकराव्या वेळी प्रश्न विचारायला लागतात.

ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही पाचवीतल्या मुलांचे आहेत, काही त्यांच्या आजोबांचे. अडचणीत टाकणारे बहुतेक पाचवीतलेच.

हे नेमकं आहे तरी काय?

याला फेरोफ्लुइड म्हणतात. मराठीत चुंबकीय द्रव म्हणा. त्यात तीन गोष्टी असतात : एक साधा द्रव (रॉकेल, खनिज तेल किंवा पाणीसुद्धा), त्यात विखुरलेले मॅग्नेटाइटचे कण, आणि प्रत्येक कणाभोवती साबणासारख्या पदार्थाचं आवरण. नेहमीच्या मिश्रणात आकारमानाने साधारण ५ टक्के कण, १० टक्के आवरणाचा पदार्थ आणि उरलेला ८५ टक्के द्रव. काळंकुट्ट दिसत असलं तरी बाटलीत मुख्यतः तेलच आहे.

मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचं काळं ऑक्साइड. ते तुमच्या ओळखीचं आहे. लहानपणी दोरीला चुंबक बांधून मातीतून ओढत नेला असेल, तर त्याला फुटलेली काळी दाढी आठवेल. महाराष्ट्रातल्या मातीत ती दाढी बहुतेक दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून सुटलेल्या मॅग्नेटाइटच्या जातीच्या कणांची असते. तोच पदार्थ बाटलीत आहे, पण कणाचा आकार वेगळा. मातीतला कण डोळ्यांना दिसतो. बाटलीतला कण साधारण १० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातला एक. एका घन सेंटिमीटरमध्ये असे कण एकावर सतरा शून्यं इतके मावतात.

एवढा खटाटोप कशाला? लोखंड वितळवलं की झाला चुंबकीय द्रव!

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने डोकं चालवलेलं असतं. पण निसर्ग इथे आडवा येतो. लोखंड तापवत नेलं की ७७० अंश सेल्सियसला ते चुंबकाला दाद देईनासं होतं. उष्णतेने अणू इतके थरथरतात की त्यांची एका दिशेला वळण्याची एकी मोडते. या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात; पिएर क्यूरी यांचं नाव. आणि लोखंड वितळतं १५३८ अंशांना. म्हणजे द्रव होण्याच्या खूप आधीच चुंबकत्व गेलेलं असतं. निकेल आणि कोबाल्टचीही तीच गत.

यावर हमखास येणारा उपप्रश्न : मग पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड आहे, आणि पृथ्वी तर चुंबक आहे! खरं आहे, पण पृथ्वीचं चुंबकत्व वितळलेल्या लोखंडाच्या अंगचं नाही. बाह्य गाभ्यात तो धातू सतत फिरत, घुसळत असतो. त्यातून विद्युतप्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांपासून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते काम डायनामोचं आहे.

चुंबकाकडे ओढला जाणारा शुद्ध द्रव हवाच असेल, तर द्रव ऑक्सिजन आहे. उणे १८३ अंशांना उकळणारा, फिकट निळा. जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तो तिथेच लोंबकळत राहतो आणि उकळून संपतो. बशीत घालून प्रदर्शनात नेण्यासारखा मात्र नाही.

कण तळाशी का बसत नाहीत? लोखंडाचा कीस पाण्यात टाकला तर लगेच बसतो.

बसतोच. १८व्या शतकात लंडनमध्ये गोविन नाइट या गृहस्थांनी लोहकीस पाण्यात घुसळून घुसळून असा द्रव करायचा प्रयत्न केला होता. त्यांनाही हीच अडचण आली.

आता हिशेब बघा. १० मायक्रोमीटरचा लोखंडाचा कण पाण्यात सेकंदाला साधारण ०.४ मिलिमीटर या वेगाने खाली जातो. १० सेंटिमीटर उंचीच्या पेल्याचा तळ त्याला चार-पाच मिनिटांत मिळतो. १० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण दिवसभरात जेमतेम २० मायक्रोमीटर खाली सरकेल. तोच पेला उतरायला त्याला तेरा-चौदा वर्षं लागतील. तीही कागदावर, कारण प्रत्यक्षात भोवतालचे रेणू त्याला सारखे धक्के मारून इकडेतिकडे फेकत असतात. गुरुत्वाकर्षणाची ओढ या धक्काबुक्कीपुढे टिकत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये सापडलेल्या माणसाला आपल्या मर्जीने खाली बसता येतं का, तसंच.

राहिला दुसरा धोका. कण खाली बसले नाहीत तरी एकमेकांना चिकटू शकतात. आणि चिकटून मोठे झाले की मग बसतात. त्यासाठी आवरण. ओलेइक आम्ल हे त्यातलं जुनं आणि अजूनही चालणारं. आपल्या शेंगदाण्याच्या तेलात याचेच रेणू ग्लिसरिनला बांधलेल्या रूपात भरपूर असतात. या रेणूचं डोकं मॅग्नेटाइटला घट्ट धरतं आणि लांब शेपूट तेलात मोकळं राहतं. दोन कण जवळ आले की शेपटांना शेपटं अडतात आणि कण मागे ढकलले जातात. आवरणाची जाडी दोन नॅनोमीटरच्या आसपास असते, पण तेवढी पुरते.

म्हणजे हा द्रव चुंबक आहे का? याला टाचणी चिकटेल का?

नाही चिकटणार. इथे थोडं थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

बाटलीतला प्रत्येक कण स्वतः एक चिमुकला चुंबक आहे, उत्तर-दक्षिण ध्रुवांसकट. पण तोंडं सगळ्यांची वेगवेगळ्या दिशांना, त्यामुळे बेरीज शून्य. चुंबक जवळ आणला की सगळे एका दिशेला वळतात आणि द्रव जोरात ओढला जातो. चुंबक दूर नेला की क्षणात पुन्हा गोंधळ. हे विसरणं दोन तऱ्हांनी होतं. एकतर कण स्वतःच द्रवात गिरकी घेतो. पाण्यासारख्या पातळ द्रवात त्याला सेकंदाचा दहालाखावा भाग वगैरे लागतो. किंवा कण जागचा हलत नाही, पण त्याच्या आतली चुंबकत्वाची दिशा उलटते, आणि १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटमध्ये याला काही नॅनोसेकंद पुरतात. या वागण्याला अतिअनुचुंबकत्व असं जडजंबाल नाव आहे. मी मुलांना सांगतो, हा विसराळू चुंबक आहे.

यातली दुसरी तऱ्हा फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्ये उलगडली. त्या वेळी फेरोफ्लुइड अस्तित्वातच नव्हतं. त्यांना प्रश्न पडला होता तो भाजलेल्या मातीचा आणि ज्वालामुखीच्या दगडांचा : थंड होताना या दगडांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते, ती इतकी वर्षं टिकते कशी? उत्तर निघालं कणाच्या आकारमानात. कण जरासा मोठा झाला की विसरायला लागणारा वेळ भयानक वेगाने वाढतो. ढोबळ हिशेब करून पाहा : मॅग्नेटाइटचा कण १० नॅनोमीटरचा असेल तर काही नॅनोसेकंद, २० चा असेल तर सेकंदाचा हजारावा भाग, आणि ३० चा असेल तर काही हजार वर्षं! व्यास तिप्पट, आणि आठवण क्षणावरून थेट इतिहासात.

आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये योग्य आकाराचे कण आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यांनी जी दिशा धरली, ती अजून धरून ठेवली आहे. त्या दिशेवरूनच कळलं की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. माझ्या बशीतला आणि कर्नाळ्याच्या सुळक्यातला पदार्थ एकाच घराण्यातला आहे. एकाला काही नॅनोसेकंदांपूर्वीचं आठवत नाही, दुसऱ्याला डायनासोरचा काळ आठवतो.

ते काटे कसे येतात?

घाई न करता बघितलं तर याचं उत्तर बशीतच दिसतं. चुंबक खालून हळूहळू वर आणा. आधी काहीच होत नाही. द्रव थोडा मध्ये गोळा होतो, पृष्ठभाग मात्र आरशासारखा. अजून थोडा वर, अजून थोडा, आणि एका ठरावीक अंतरावर पृष्ठभाग एकदम फुटतो आणि काटे उभे राहतात. हळूहळू वाढत नाहीत, उसळतात. ही मर्यादा ओलांडण्याचा क्षण मी शंभरदा पाहिला असेन, तरी हात तिथे थबकतोच.

आतली गोष्ट अशी. पृष्ठभाग कधीच पूर्ण सपाट नसतो, कुठेतरी केसभर उंचवटा असतोच. चुंबकीय क्षेत्राच्या रेषांना हवेपेक्षा या द्रवातून जाणं सोपं, म्हणून त्या उंचवट्याकडे गोळा होतात. रेषा गोळा झाल्या की तिथली ओढ वाढते, ओढ वाढली की उंचवटा वाढतो, उंचवटा वाढला की अजून रेषा. याला लगाम घालणाऱ्या दोन शक्ती : गुरुत्वाकर्षण द्रवाला खाली खेचतं, आणि पृष्ठताण पृष्ठभाग ताणू देत नाही. क्षेत्र क्षीण असेपर्यंत हे दोघे जिंकतात. एका मर्यादेनंतर हरतात, आणि मग उंचवट्याचा काटा होतो. शेवटी कुठेतरी तिघांचं जमतं आणि काटा तेवढ्या उंचीवर थांबतो.

काट्यांची मांडणी मोजून बघा. सगळीकडे सारखं क्षेत्र असेल तर प्रत्येक काट्याला सहा शेजारी मिळतात, मधाच्या पोळ्यासारखे. दोन काट्यांमधलं अंतर पृष्ठताण आणि घनता यांवरून काढता येतं. तेलातल्या नेहमीच्या फेरोफ्लुइडसाठी ते ९ मिलिमीटरच्या आसपास निघतं. काउली आणि रोझेन्स्वाइग यांनी १९६७ मध्ये हे गणित आणि प्रयोग दोन्ही मांडले. माझ्या बशीत काटे यापेक्षा बरेच दाट येतात, कारण मी वापरतो तो निओडिमियमचा छोटा पण दांडगा चुंबक. त्याची खालची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट, म्हणजे द्रवाचं वजनच वाढल्यासारखं, आणि वजन वाढलं की काटे बारीक आणि दाट होतात.

हाच द्रव दोन काचांच्या फटीत भरून चुंबक लावला तर काट्यांऐवजी वळणावळणाचा भुलभुलैया उमटतो. जपानच्या साचिको कोदामा या कलावतीने तर फेरोफ्लुइड हेच आपलं माध्यम केलं आहे.

काटा बोटाला टोचतो का?

नाही. ओलं लागतं, आणि बोट काळं होतं.

शोध कुणी लावला?

मॅग्नेटाइटचे बारीक कण पाण्यात विखरून चुंबकीय पदार्थांच्या अंतरंगाचे नकाशे बघण्याची युक्ती १९३० च्या दशकापासून होती. पण ज्याला आपण फेरोफ्लुइड म्हणतो ते आलं अंतराळाच्या वाटेने. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये नासाचं लुइस संशोधन केंद्र होतं. तिथले स्टीव्ह पॅपेल एका साध्या वाटणाऱ्या अडचणीत होते : रॉकेटचं इंजिन वजनरहित अवस्थेत पुन्हा पेटवायचं तर टाकीतलं इंधन पंपाच्या तोंडाशी असायला हवं, आणि वजनच नसेल तर ते टाकीत कुठेही तरंगत असणार. त्यांनी विचार केला, इंधनच चुंबकाने ओढता आलं तर?

१९६३ मध्ये त्यांनी मॅग्नेटाइटची भुकटी, रॉकेलसारखं तेल आणि ओलेइक आम्ल असं बॉल मिलमध्ये घातलं. बॉल मिल म्हणजे पोलादी गोळ्या भरलेलं फिरतं पिंप, यंत्रावरचा खलबत्ताच म्हणा. बारीक व्हायला कित्येक दिवस लागले, पण जमलं. १९६५ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. रॉकेटच्या टाकीत मात्र ते कधी गेलं नाही. इंधन पंपाशी आणायचे इतर मार्ग सोपे ठरले.

याच काळात रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी या द्रवाचं शास्त्र पायापासून बांधायला घेतलं. जास्त तीव्र मिश्रणं केली, प्रवाहाची समीकरणं मांडली आणि १९६८ मध्ये सहकाऱ्यासोबत कंपनी काढून ते बाजारातही आणलं. पॅपेल यांचं नाव नेहमी आधी येतं, आणि ते योग्यच. पण माझ्या मते या विषयाला विषयपण दिलं रोझेन्स्वाइग यांनी.

रॉकेटमध्ये गेलं नाही, मग गेलं कुठे?

अशा ठिकाणी, जिथे ते कुणाला दिसत नाही. सगळ्यात मोठं काम सीलचं. समजा एका निर्वात पेटीत बाहेरून फिरता दांडा घालायचा आहे. रबरी रिंग लावली तर घासून झिजते आणि तिची भुकटी आत पडते. त्याऐवजी दांड्याभोवती चुंबक ठेवून मधल्या केसभर फटीत फेरोफ्लुइडचे थेंब सोडतात. चुंबक त्यांना जागेवर धरून ठेवतो, दांडा फिरत राहतो आणि द्रवाची कडी हवा अडवते. घर्षण नाममात्र, झीज नाही. एक कडी वातावरणाच्या दाबाचा साधारण पाचवा हिस्सा पेलते, म्हणून पूर्ण निर्वातासाठी एकामागे एक अशा अनेक कड्या लावतात. चिप बनवणाऱ्या यंत्रांत हे सील असतात. जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्कमध्येही धूळ अडवायला असायचे.

दुसरं ठिकाण लाउडस्पीकर. त्यातली तारेची गुंडाळी चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलते आणि तापते. फटीत हवेऐवजी फेरोफ्लुइड असेल तर उष्णता सुमारे पाचपट सहज बाहेर जाते, कारण तेल हवेपेक्षा तेवढं चांगलं उष्णतावाहक. आणि ते गळून पडत नाही, चुंबक समोरच असतो. जुना ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच आवाजांचा छोटा स्पीकर, उघडल्यावर फटीत काळं, चिकट काही सापडलं तर ते पुसून टाकू नका. दुरुस्तीच्या दुकानात ते घाण समजून पुसलेलं मी पाहिलं आहे.

तिसरा उपयोग भंगाराचा. चुंबकीय क्षेत्रात फेरोफ्लुइड खाली ओढलं जातं, त्यामुळे आत बुडालेल्या वस्तूला ते कितीतरी जास्त घनतेचं असल्यासारखं वर ढकलतं. क्षेत्र बदलत गेलं की आधी ॲल्युमिनियम (घनता २.७) तरंगतं, मग जस्त (७.१), मग तांबंही (८.९). गाड्यांच्या चुऱ्यातून धातू वेगळे करायची ही पद्धत वापरून झाली आहे. प्रदर्शनात मी फेरोफ्लुइडमध्ये पितळेचा स्क्रू तरंगवून दाखवतो तेव्हा मोठी माणसं मुलांना बाजूला करून पुढे येतात.

महागड्या गाड्यांच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये चुंबकीय द्रव असतो म्हणतात, तो हाच का?

नाही, पण गल्लत नेहमी होते. तो एमआर, म्हणजे मॅग्नेटोरिऑलॉजिकल फ्लुइड. त्यातले कण शुद्ध लोखंडाचे आणि १ ते १० मायक्रोमीटरचे, म्हणजे फेरोफ्लुइडच्या कणांच्या शेकडो पट मोठे. चुंबकीय क्षेत्र मिळालं की हे कण मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक चिकटून साखळ्या करतात, आणि काही मिलिसेकंदांत द्रव जवळपास थिजतो. क्षेत्र काढलं की परत पातळ. फेरोफ्लुइडही क्षेत्रात थोडं घट्ट होतं, पण ते वाहणं सोडत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एमआर फ्लुइड केला, म्हणजे फेरोफ्लुइडच्या आधी. त्यांच्या डोक्यात क्लच होता. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये तो यायला २००२ उजाडलं. पहिली गाडी कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस. खड्डा लागला की सेन्सर सांगतो, गुंडाळीतून प्रवाह जातो आणि शॉकअब्सॉर्बर त्याच क्षणी कडक किंवा मऊ होतो. आपल्या रस्त्यांचा विचार केला तर हे तंत्र इथेच जन्माला यायला हवं होतं! भिंगं अतिसूक्ष्म पॉलिश करायला आणि पुलांच्या केबलचा थरकाप शमवायलाही एमआर फ्लुइड वापरतात. याचा जुना रोग म्हणजे कण तळाशी बसणं. मघाचा चार-पाच मिनिटांचा हिशेब आठवा.

रक्तात लोह असतं. मग रक्तही चुंबकाकडे ओढलं जातं का?

नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेकटं अडकलेलं असतं. चुंबक व्हायला अणूंची एकजूट लागते. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये हे मोजलं. दोन्ही परिणाम इतके क्षीण की एमआरआय यंत्राच्या प्रचंड चुंबकात झोपूनही तुमचं रक्त वाहायचं थांबत नाही. तेव्हा रक्ताभिसरण सुधारणारी चुंबकी कडी आणि पट्टे विकणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

आणि चुंबकीय पाणी?

त्याचा या विषयाशी संबंध नाही. पाणी चुंबकापासून अगदी नगण्य दूर सरकतं, आणि चुंबक काढला की काही उरत नाही. बाटलीला चुंबक बांधून ते पाणी औषध म्हणून देणाऱ्यांचं मनापासूनचं असेल, पण भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूला नाही.

औषधात याचा खरा उपयोग आहे का?

आहे, पण माझ्या बशीतल्या तेलाचा नाही. साखरेच्या जातीच्या पदार्थाचं आवरण दिलेले लोह-ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात विखरून फेरुमॉक्सिटॉल नावाचं औषध बनतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी ते शिरेतून देतात; अमेरिकेत २००९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. तीव्र ॲलर्जीचा धोका असल्याने ते देखरेखीखालीच देतात. दुसरा उपयोग कर्करोगातला : गाठीत कण सोडायचे आणि बाहेरून वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. सारखं दिशा बदलताना कण तापतात आणि गाठ आतून शेकली जाते. मेंदूच्या गाठींसाठी या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण ही उपचारपद्धती अजून सर्रास झालेली नाही, हेही सांगायला हवं.

कायमचा चुंबक असलेला द्रव कधीच होणार नाही का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत मी ठामपणे 'नाही' म्हणायचो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत थॉमस रसेल आणि सहकाऱ्यांनी ते उत्तर मोडीत काढलं. त्यांनी मिलिमीटरभर आकाराचे द्रवाचे थेंब तेलात सोडले आणि थेंबाच्या पृष्ठभागावर लोह-ऑक्साइडच्या कणांची इतकी दाटी केली की त्यांना गिरकी घ्यायला जागाच उरेना. एकदा चुंबकीय क्षेत्र दाखवलं की ते थेंब चुंबक होतात आणि क्षेत्र काढल्यावरही राहतात. थेंबाचा आकार बदलला, त्याचे तुकडे केले, तरी प्रत्येक तुकडा चुंबक. लोकलमधली गर्दी इतकी वाढली की मान वळवता येईना, असं समजा.

घरी करता येईल का?

खरं फेरोफ्लुइड स्वयंपाकघरात करू नका. प्रयोगशाळेतली रीत लिहायला सोपी आहे : फेरिक आणि फेरस क्लोराइड दोनास एक या प्रमाणात विरघळवायचं, जोरात ढवळत अमोनिया सोडायचा, काळा मॅग्नेटाइट खाली येतो, मग त्याला आवरण द्यायचं. अमोनियाची वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट, म्हणून धूर खेचणाऱ्या कपाटातच, शिक्षक शेजारी असताना करावं. मी कॉलेजात पहिल्यांदा केलं तेव्हा काळ्याऐवजी विटकरी गाळ मिळाला आणि चुंबकाने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. फेरस क्लोराइडची बाटली जुनी होती. हवेने त्यातलं बरंचसं फेरिक होऊन गेलं होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं.

इंटरनेटवर प्रिंटरचं टोनर आणि खाद्यतेल मिसळायची कृती फिरते. तिला साधं टोनर चालेलच असं नाही, लोह-ऑक्साइड असलेलं हवं. चेकच्या तळाशी जे आकडे असतात (मुंबईच्या बँकांचा ४०० ने सुरू होणारा, पुण्याचा ४११ ने) ते ज्या चुंबकीय टोनरने छापतात, त्यात ते नक्की असतं. मिश्रण चुंबकाकडे सरकतं, खडबडीत काटेही येतात. पण कण मोठे, म्हणून रात्रभरात तळाशी गाळ. टोनरची पूड श्वासात जाणं चांगलं नाही, तेव्हा मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा.

तयार बाटली विकत घेणं सगळ्यात बरं. आणि त्याच्या जोडीचे निओडिमियमचे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन घड्या चिमटीत पकडतात; थेट शस्त्रक्रियेची वेळ येते.

कपड्यावर सांडलं तर?

कपडा गेला असं समजा. साबणाने तेल निघतं, काळपट तपकिरी छटा राहते. माझ्या एका पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर २० सेकंदांच्या हलगर्जीपणाचा पुरावा अजून आहे.

उघड्या चुंबकाला द्रव लागला तर ते आणखी वाईट, कारण पुसलेलं पुन्हा चुंबकाकडेच धावतं. चुंबक आधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. सांडलं तर त्याच पिशवीतल्या चुंबकाने टिपून घ्या, पिशवी उलटी करा आणि चुंबक बाहेर काढा.

भारतात यावर कुणी काम करतं का?

करतं, आणि बऱ्याच वर्षांपासून. गुजरातेत भावनगर विद्यापीठात चुंबकीय द्रवांवर अनेक दशकं संशोधन झालं आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही. चुंबकीय द्रवांवरची तेरावी आंतरराष्ट्रीय परिषद जानेवारी २०१३ मध्ये नवी दिल्लीला भरली होती.

बाटली किती दिवस टिकते?

झाकण घट्ट असेल तर काही वर्षं सहज. खराब होते ती दोन कारणांनी : द्रव उडून जातो, किंवा आवरण झिजून कण गुठळ्या करतात. कायम चुंबकाशेजारी ठेवली तरी गुठळ्यांना मदतच होते, म्हणून चुंबक वेगळ्या कपाटात ठेवावेत. माझी पहिली बाटली सहा वर्षं चालली. शेवटी काटे बोथट यायला लागले, मग नुसते उंचवटे, आणि एका प्रदर्शनात चुंबक काढल्यावरही एक उंचवटा तसाच राहिला. समोरची मुलगी म्हणाली, "याला आठवायला लागलं वाटतं."